डाव्या रेघेवरचा मुलगा

जात्मिकोने चेंडू डावीकडे ढकलला तेव्हा तिकडे कोणीच नव्हतं.

अठरा वर्षांखालच्या पोरांचा आपसातला सामना चालू होता. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि ऊन असं की डोळे उघडे ठेवणं मुश्कील. भरतीची वेळ असल्यामुळे मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात खारं पाणी वर आलं होतं. मुआरा गावात समुद्र हल्ली लाटा घेऊन येत नाही. तो खालून येतो, गुपचूप, फरशीच्या फटींतून आणि गवताच्या मुळांतून. त्या कोपऱ्यातलं गवत कधीच मेलं होतं. बूट खराब होतात म्हणून पोरं तिकडे फिरकत नसत.

चेंडू त्या पाण्यावरून सरकत बाहेरच्या रेघेकडे गेला आणि रेघेच्या वीतभर अलीकडे थांबला. चिखलात रुतून थांबतो तसा नाही, कोणीतरी तळव्याखाली धरावा तसा.

"कुणाला दिलास रे? सासऱ्याला?" गोलकीपर ओरडला आणि सगळी पोरं फिदीफिदी हसली.

जात्मिको हसला नाही. त्याने डावीकडे बघून हात जरासा वर केला आणि मान तुकवली. थोरल्या खेळाडूला दिलेला पास जोरात गेला की धाकट्याने करावं तसं.

कडेला बाकावर बसलेल्या पाक सुविग्न्योंनी ते पाहिलं; वडीलधाऱ्यांना तिथे 'पाक' म्हणतात. त्यांची चोपन्न वर्षांची हयात या एकाच क्लबात गेली होती, आधी बचावात खेळण्यात, मग गुडघा गेल्यावर पोरं घडवण्यात. चेंडू कुठे थांबतो आणि कुठे थांबत नाही, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

सराव संपल्यावर त्यांनी जात्मिकोला थांबवलं.

"तुझा तो डावीकडचा पास बघितला मी."

"चुकला, पाक."

"चुकला ते दिसलं. दिला कोणाला, ते विचारतोय."

"डावीकडच्या मसना." पोराने बुटाची नाडी सोडता सोडता सांगितलं, फाटकावरच्या रखवालदाराबद्दल सांगावं इतक्या सहज; मस म्हणजे दादा. "ते असतात ना रोज. भरती आली की येतात."

"कोण मस? नाव काय?"

"विचारलं नाही कधी. उंच आहेत. बारीक. मोज्यांवर निळी चिकटपट्टी बांधतात. आणि पळायच्या आधी असा कान ओढतात." त्याने आपल्या डाव्या कानाची पाळी दोनदा ओढून दाखवली.

पाक सुविग्न्योंनी जवळचा खांब धरला.

"शर्टावर नंबर कितीचा आहे त्यांच्या?"

"पाठ दिसलीच नाही कधी, पाक. ते कायम माझ्याकडे तोंड करून असतात." जात्मिकोने बूट काढून झटकला. "पळतानासुद्धा."

जात्मिको हा मिठागरावर राबणाऱ्या माणसाचा पोरगा. सतरा वर्षांचा, उजव्या पायाचा, कामसू. गोष्टी रचून सांगायची अक्कलच त्याच्यात नव्हती. तो सायकल काढून निघून गेल्यावर पाक त्या कोपऱ्यात गेले. पाणी ओसरत होतं. ओल्या चिखलावर बुटांच्या खुंट्यांचे ताजे ठसे होते, लांब टांगांचे, एकामागे एक. ते रेघेपर्यंत जात होते. रेघेपलीकडे काही नव्हतं आणि परत फिरलेलंही एकही पाऊल नव्हतं.

निळी चिकटपट्टी पांजी बांधायचा. कान पांजी ओढायचा.

सहा वर्षांपूर्वी पांजीइतका डावा विंगर या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. त्या वर्षी त्याला मोठा ताप आला आणि बरा झाल्यावर डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितली. तेवढ्यात पहिल्या संघातला डावा विंगर जायबंदी झाला. तेव्हाच्या कोचने कागद पाठवला : पोरगा तयार आहे का? सही करा. पांजी दोन दिवस पाकच्या मागे मागे फिरत होता. "पाक, तुम्ही नुसतं हो म्हणा. बाकी मी बघतो." पाकनी 'तयार' लिहिलं आणि सही केली. पोराच्या डोक्यावर हात ठेवून तोंडानेही म्हणाले, "तू तयार आहेस, जा."

सामन्याच्या सत्तराव्या मिनिटाला पांजी रेघेवर उभा राहिला. आकड्यांची पाटी वर गेली, सत्तावीस नंबर. बाहेर येणाऱ्या खेळाडूने त्याच्या हातावर टाळी द्यायला हात पुढे केला आणि पांजी होता तिथेच खाली बसला, मग आडवा झाला. एक पाऊलही आत पडलं नाही आणि तो परत उठला नाही. तापाने काळीज कमजोर केलं होतं, असं नंतर डॉक्टर म्हणाले. बाकी सगळे नशीब म्हणाले. पाकही मान हलवून नशीबच म्हणाले. एक गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नाही. त्या दिवशी सकाळी क्लबचा जिना चढताना पांजी मध्येच थांबला होता आणि हसत म्हणाला होता, "पाक, आज जिना लांबलाय का हो? दम लागतोय." त्यावर पाक म्हणाले होते, "भीती वाटतेय तुला. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच लागतो."

गुरुवारी पहिल्या संघाचा कोच तोगार मैदानावर आला. सुमात्राचा माणूस, आवाज मोठा, मन मोकळं, जिभेला हाड नाही. त्याचा डावा विंगर पाय मुरगळून बसला होता आणि शनिवारी घरच्या मैदानावर सामना होता.

तासभर बघून तो पाकच्या शेजारी बसला. "तो कोण? डाव्या पायाने क्रॉस मारतोय तो."

"जात्मिको. उजव्या पायाचा आहे तो."

"उजव्या पायाचा? पाक, चष्मा लावा."

पाकनी पाहिलं. जात्मिको डाव्या रेघेवरून सुटला होता. पाणी उडवत, चेंडू डाव्या पायाला चिकटवून, अंगाला एक हलका झोल देत. परवापर्यंत डावा पाय त्याला नुसता उभं राहायला लागत होता. त्याने क्रॉस मारला. तो झोल पाकनी स्वतः शिकवला होता, पण जात्मिकोला नव्हे.

"शनिवारी मला हा पाहिजे," तोगार म्हणाला.

"तयार नाही तो."

"तुमच्या हाताखाली पोरांना दाढ्या येतात, पाक, पण तयार कोणी होत नाही! सहा वर्षांत तुम्ही एकाच्या तरी कागदावर आपणहून सही केलीत का?"

"तयारी पायांवरून कळत नाही, तोगार. चेंडू गेला की पोरगं आधी कुठे बघतं ते बघ. काही बापाकडे बघतात, काही कोचकडे. जे चेंडूकडे बघतं, ते तयार."

"मग हा कुठे बघतो?"

जात्मिकोचा चेंडू नुकताच गेला होता. तो डावीकडे, रिकाम्या पाण्याकडे बघत होता आणि ऐकल्यासारखी मान हलवत होता.

तोगारने खांदे उडवले. "माझ्या मते कुठेही बघू दे. शनिवारी येईल तो. सही तुमची नसली तरी चालेल, माझी आहे."

त्या संध्याकाळी जात्मिकोची आई फाटकाशी आली. हातात डोक्यावरचा सुटलेला रुमाल, डोळे लाल. ती हळू आवाजात म्हणाली, "पाक, तुम्ही त्याला काही शिकवलंय का? दोन दिवस झाले, पोरगा डाव्या हाताने जेवतोय. बापाच्या समोर. बापाने हातावर फटका मारला तर म्हणाला, माझा हा हातच चांगला आहे. आमच्या घरात असं कोणी बोलत नाही हो. आणि आवाजही..."

पाकनी पोराला बाजूला घेतलं. "मस तुझ्याशी बोलतात का?"

"आता बोलतात. पूर्वी नुसते हात करायचे."

"काय म्हणतात?"

जात्मिकोने मान खाली घातली. "म्हणतात, तू घाबरतोस. शनिवारी रेघेवर उभा राहीपर्यंत तू ये. पुढे तू थांब, मी जातो."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी घाबरतोच, पाक," पोरगा म्हणाला. "मी हो म्हणालो."

शुक्रवारी नमाज झाल्यावर पाक सुविग्न्यो सहा वर्षांत न चाललेल्या गल्लीत शिरले. पांजीची आई, बू सुलास्त्री, अंगणात बांबूच्या चाळण्यांवर माशांचे पापड वाळत घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि पापड उलटणं चालू ठेवलं.

"या. वाट बघत होते असं नाही म्हणणार. पण या."

पाक ओट्यावर बसले. उंबऱ्यापासून आतल्या खोलीपर्यंत फरशीवर ओल्या पावलांचा माग होता. या गल्लीत घरोघरी पाणी शिरतं, तेव्हा त्यात विशेष काही नव्हतं. पण बाकी फरशी कोरडी ठणठणीत होती.

"कधीपासून?" पाकनी विचारलं.

"तो गेल्याचा चाळिसावा दिवस झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. भरती असली की पाचच्या सुमाराला येतो, सरावावरून यायचा तसा." त्यांनी एक चाळण उन्हात सरकवली. "दिसत नाही. आवाज येतो. एकच विचारतो. मा, पाकनी तयार म्हटलंय ना, मग मला आत का घेत नाहीत?"

मग जे सहा वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी सांगितलं. जिना, दम, पोराचं हसणं, आपलं उत्तर. डॉक्टरांना एक फोन लावला असता तर काय झालं असतं, तेही. मग मैदानावर जात्मिकोचं काय चाललंय, तेही.

बू सुलास्त्रींचे हात थांबले. शेजारच्या घरातला रेडिओ तेवढा वाजत होता.

"जिन्याचं मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं मी देवाला विचारत होते. तुम्हाला विचारायला हवं होतं."

"बू, मला माफ..."

"ते आज मागू नका. आज माझ्याकडे नाही ते." त्यांनी फडक्याने हात पुसले. "तो माझं ऐकत नाही. मी सांगून दमले की बाळा, संपलं, जा आता. जिवंत असताना तरी कुठे ऐकलं त्याने माझं? तो तुमचं ऐकायचा. तयार आहेस म्हणून तुम्ही सांगितलंत आणि तो तिथेच उभा राहिला. शब्द तुमचा आहे, पाक. तुम्हीच तो मागे घ्या. तो दुसऱ्याच्या पोराच्या अंगात शिरायच्या आत घ्या."

शनिवारी स्टेडियम खच्चून भरलं होतं. ढोल, झेंडे, शेंगदाण्यांच्या पुड्या, सगळं नेहमीसारखं. पाक वरच्या पायरीवर बसले होते. त्यांचं लक्ष सामन्याकडे नव्हतं, बेंचच्या टोकाला बसलेल्या जात्मिकोकडे होतं. बाकीची राखीव पोरं चुळबुळ करत होती, नखं खात होती. जात्मिको ताठ बसला होता, तळवे मांड्यांवर, नजर डाव्या रेघेवर. त्याच्या मोज्यांवर निळी चिकटपट्टी होती.

एक-एक अशी बरोबरी होती. पासष्ट मिनिटं झाली आणि तोगारने मागे वळून बोट दाखवलं.

जात्मिको उठला. पाकही उठले. गुडघा कुरकुरत होता, तरी ते दोन दोन पायऱ्या उतरत जाळीच्या दारापाशी आले. दारावरचा शिपाई त्यांचा जुना विद्यार्थी होता. "पाक, आत जाता येणार नाही," असं तो म्हणाला आणि म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा बघून बाजूला झाला.

पोरगा रेघेवर उभा होता. आठवडाभर पाऊस नव्हता, गवत कोरडं होतं, पण त्याच्या बुटांभोवती पाणी साचलं होतं आणि ते हळूहळू पसरत होतं. त्याने डाव्या कानाची पाळी ओढली. एकदा. पुन्हा एकदा.

"पांजी," पाक म्हणाले.

पोराने मान वळवली. चेहरा जात्मिकोचाच होता, तो गोल, मिठाने रापलेला चेहरा. पण बघणारं कोणी दुसरंच होतं.

"पाक." आवाज ओळखीचा होता. सहा वर्षांत तो जराही मोठा झाला नव्हता. "बघा, घेतायत मला."

"तू जाऊ नकोस."

"तुम्हीच म्हणालात ना?"

"म्हणालो. खोटं बोललो, पांजी. तुला जिन्यावर दम लागला होता आणि तो भीतीचा नव्हता. मला माहीत होतं. संघाला खेळाडू हवा होता, तू आशेने बघत होतास आणि मला नाही म्हणवलं नाही. तू तयार नव्हतास. आजही नाहीस."

पाटी धरलेला माणूस पुढे आला. आकडे लाल दिसू लागले. गर्दी ओरडत होती, पण पाकना तो आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा दुरून येत होता. समोरचा श्वास मात्र त्यांना स्पष्ट ऐकू येत होता. तोकडा, घरघरता, न संपणाऱ्या जिन्यावरचा.

"तुम्ही सही केलीत," तो म्हणाला. त्याचा खालचा ओठ थरथरला, लहान मुलाचा थरथरतो तसा. "मी एवढा वेळ उभा आहे."

"सही परत घेतो. ये, इकडे ये माझ्याकडे. खाली बस. दम खा."

"किती दिवस?"

पाकनी विचार केला नाही. तेवढा वेळच नव्हता. "मी सांगेपर्यंत," ते म्हणाले.

थंडगार काहीतरी त्यांच्या डाव्या बाजूने, अगदी बरगडीला घासून गेलं. खाऱ्या चिखलाचा वास आला. पोराच्या अंगातून एक झटका गेला आणि त्याने डोळे मिचकावले.

"पाक? तुम्ही इथे कसे?" तो जात्मिको होता, घाबराघुबरा, सतरा वर्षांचा. "पाक, माझे पाय ओले कसे झाले?"

"काही नाही. नाडी बांध. उजवी आधी. आणि जा, खेळ. जे येतं तेवढंच खेळ."

तो खेळला. पंचवीस मिनिटं धावला, दोन पास थेट समोरच्यांच्या पायात दिले, डाव्या पायाने क्रॉस मारायला गेला आणि चेंडू प्रेक्षकांत घालवला. प्रत्येक चुकीनंतर त्याने पाककडे पाहिलं. सामना बरोबरीत सुटला. तोगार तणतणत आला. "गुरुवारी याने मला काय दाखवलं आणि आज हे काय? दोन वेगळी पोरं आहेत का ही?"

"तयार नाही म्हणून सांगितलं होतं," पाक म्हणाले.

जात्मिको परत अठराखालच्या पोरांत आला. तो उजव्या हाताने जेवू लागला. त्याच्या आईने केळीच्या पानात गोड भात बांधून आणला आणि कशाबद्दल ते न बोलता पाकच्या हातात दिला. डावीकडच्या मसबद्दल विचारलं तर जात्मिको म्हणाला, "नाही येत आता ते. दुसऱ्या क्लबात गेले का हो?" आठ महिन्यांनी एका सामन्यात त्याने वाईट पास दिला, चेंडू गेला आणि कोणाकडेही न बघता तो चेंडूमागे धावला. त्या दिवशी पाकनी घरी जाऊन कागद काढला. आधी डॉक्टरांचा दाखला मागवला, जात्मिकोला तीनदा जिना चढायला लावला, आणि मग सही केली. आज तो पहिल्या संघात बऱ्यापैकी खेळतो. उजवीकडून.

बू सुलास्त्रींची फरशी कोरडी असते. सुटकेचा पहिला आठवडा त्या खूप झोपल्या. मग एकदा त्या स्वतःच मैदानावर आल्या आणि पाकच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. "माझ्याकडे यायचा बंद झाला," त्या म्हणाल्या. "मग जातो कुठे?"

पाकनी नजर डाव्या हाताकडे वळवली. बाईंनी त्यांच्या दोघांमधल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. फळी ओली होती. त्यांनी हात पुढे केला, फळीवर अलगद ठेवला आणि तसाच राहू दिला.

यंदा पाक सुविग्न्योंचं निवृत्तीचं वय झालं. क्लबने निरोपाचा समारंभ ठरवला, तोगारने भाषणही लिहिलं, त्यात दाढ्यांचा विनोद होताच. पाकनी हात जोडून नको म्हटलं. पगार देऊ नका, म्हणाले, बाक तेवढा राहू द्या. म्हाताऱ्याचा जीव गुंतलाय मैदानात, असं लोक म्हणतात आणि त्यांना बसू देतात. ते ईदच्या दिवशीही येतात. तापाने फणफणलेले असतानाही एकदा आले, मुलीने पाठीमागे मोटारसायकलवर बसवून आणलं.

भरती आली की त्यांच्या डाव्या हाताला कोणीतरी येऊन बसतं. थोडा वेळ नुसता तो तोकडा श्वास ऐकू येतो. मग प्रश्न येतो, रोज तोच, रोज तितक्याच आशेने : "पाक, आज?"

"आज नाही रे," पाक म्हणतात.

तो ऐकतो. त्यांचंच तो ऐकतो. आणि पाणी ओसरून तो उठेपर्यंत पाक सुविग्न्यो बाकावरून हलत नाहीत. समोर पोरं धावत असतात, घामाघूम, एकमेकांना शिव्या घालत. पाक त्यांच्यातल्या एकेकाचा चेहरा निरखून बघतात. आपण नसू तेव्हा या जागी बसून रोज नाही म्हणू शकेल असा कोणी त्यांना अजून सापडलेला नाही.